फ्यूजन रिअॅक्टरच्या भिंतीचे तुकडे: औष्णिक ताणाची चाचणी आणि सिम्युलेशन पहिल्यांदा करताना

पहिल्या चाचणीच्या वेळी माझे तीन आठवडे मेश (मॉडेलमधली लहान तुकड्यांची जाळी) बारीक करण्यात गेले. मॉडेलमधलं तापमान आणि कॅमेऱ्यात दिसणारं तापमान यांत शंभरेक अंशांचा फरक होता आणि चूक मॉडेलचीच असणार, असं मी धरून चाललो होतो. चूक निघाली पाण्याच्या नळीवरच्या एका सेन्सरमध्ये. नमुन्यात किती उष्णता शिरतेय याचाच आकडा चुकीचा होता.

या कामातल्या बहुतेक घोळांचं मूळ तिथेच असतं: उष्णता किती आत गेली, पाण्याने किती बाहेर नेली आणि दोन धातूंचा जोड कोणत्या तापमानाला बिनताणाचा होता. या तीन गोष्टी पक्क्या असतील तर साधं मॉडेलही खूप काही सांगतं. त्या पक्क्या नसतील तर लाखो एलिमेंटचं मॉडेलही फसवतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत सॉफ्टवेअरपेक्षा या तीन गोष्टींवर मी जास्त बोललो आहे. फायनाइट एलिमेंटची तोंडओळख तुम्हाला आहे, पण फ्यूजनचे घटक नवे आहेत, असं गृहीत धरतो.

१. आधी घटक नीट ओळखा

प्लाझ्माकडे, म्हणजे यंत्रातल्या अतितप्त वायूकडे, तोंड करून असलेल्या भागांत सर्वात जास्त मार खातो तो डायव्हर्टर: प्लाझ्मातून बाहेर पडणारी उष्णता आणि कचरा झेलणारा भाग. फ्रान्समध्ये कादाराश इथे उभ्या राहत असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक फ्यूजन यंत्रात डायव्हर्टरच्या उभ्या पट्ट्यांवर 'मोनोब्लॉक' ओवलेले असतात. टंगस्टनचा ठोकळा, मध्ये भोक, भोकात तांब्याचं पातळ अस्तर आणि त्यात तांबे-क्रोमियम-झिर्कोनियम मिश्रधातूची नळी. नळीतून दाबाखालचं पाणी वाहतं. पाण्याला भोवरा मिळावा म्हणून नळीत पिळाची पट्टी बसवलेली असते. मापं साधारण अशी: ठोकळा २८ मिमी रुंद आणि नळीच्या दिशेने १२ मिमी जाड, अस्तर १ मिमी, नळीचा आतला व्यास १२ मिमी आणि बाहेरचा १५ मिमी.

या ठोकळ्याने सतत १० मेगावॅट प्रति चौरस मीटर आणि थोड्या वेळापुरते २० मेगावॅट सोसायचे असतात. सूर्याच्या पृष्ठभागातून साधारण ६३ मेगावॅट प्रति चौरस मीटर बाहेर पडतात, यावरून अंदाज येईल. ईटरच्या पात्रता चाचणीत १० मेगावॅटच्या ५,००० आणि २० मेगावॅटच्या ३०० सायकली मागितल्या गेल्या.

टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे उष्णतेला ते दाद देत नाही. पण थंड असताना ते ठिसूळ असतं, आणि साधारण १,२०० ते १,३०० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर त्याचे कण नव्याने घडतात, मोठे होतात आणि धातू मऊ पडतो. तांब्याची मिश्रधातू उष्णता छान वाहून नेते, मात्र ३५० अंशांच्या आसपास तिची मर्यादा येते. खरी अडचण दोघांच्या प्रसरणात आहे. दर अंशाला टंगस्टन दशलक्षात ४.५ भाग फुगतं, तांबं १७ भाग. जवळपास चौपट. हे दोन धातू एकमेकांना चिकटवून आपण त्यांना हजारो वेळा तापवतो आणि थंड करतो.

पहिल्या भिंतीबद्दल (डायव्हर्टर सोडून प्लाझ्माभोवती असलेल्या आवरणाबद्दल) जुने लेख वाचताना बेरिलियम दिसेल. ईटरने २०२३ मध्ये बेरिलियम सोडून टंगस्टनकडे वळायचं ठरवलं. त्यामुळे लेखाचं साल पाहिल्याशिवाय त्यातले आकडे उचलू नका.

२. सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

कागदपत्रं:

- प्रत्यक्ष मोजलेल्या मापांचं ड्रॉइंग. डिझाइनमधली मापं पुरत नाहीत.
- प्रत्येक धातूचं प्रमाणपत्र आणि टंगस्टन कोणत्या दिशेने लाटलंय याची नोंद
- जोड कसा केला, कोणत्या तापमानाला, किती वेळ आणि त्यानंतर कोणती उष्णता-प्रक्रिया झाली याचा कागद
- जोडाची अल्ट्रासोनिक तपासणी
- तापमानानुसार बदलणारे गुणधर्म: उष्णतावहन, विशिष्ट उष्णता, प्रसरण, स्थितिस्थापकता, यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणापासून धातू कायमचा वाकू लागतो)
- चाचणी केंद्राची सुरक्षा मंजुरी आणि दाबाखालच्या पाण्याच्या सर्किटचं प्रमाणपत्र

साधनं: अन्सिस, अबॅकस किंवा कॉमसोल यांपैकी जे उपलब्ध असेल ते. परवाना नसेल तर कॅल्क्युलिक्स किंवा कोड-अॅस्टरवर हे सगळं काम होतं. याशिवाय स्प्रेडशीट आणि एक कागदी वही. वहीचं महत्त्व सातव्या पायरीत कळेल.

जोडाच्या प्रक्रियेचा कागद मिळवताना सर्वात जास्त दमछाक होते. बनवणारे तो सहज देत नाहीत. तरी मागत राहा, निदान जोडणीचं तापमान तरी लेखी घ्या. ते माहीत नसेल तर पाचवी पायरी अंदाजपंचे होते.

३. सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर हिशेब

हा हिशेब अर्ध्या तासात होतो आणि पुढे प्रत्येक चुकीच्या वेळी कामी येतो.

१० मेगावॅट प्रति चौरस मीटर म्हणजे १० वॅट प्रति चौरस मिलिमीटर. टंगस्टनचा वरचा थर ६ मिमी धरा. गरम टंगस्टनचं उष्णतावहन साधारण १२० वॅट प्रति मीटर प्रति अंश, म्हणजे ०.१२ वॅट प्रति मिलिमीटर प्रति अंश. १० गुणिले ६ भागिले ०.१२ म्हणजे ५०० अंशांचा फरक, एकट्या टंगस्टनमध्ये.

खाली उष्णता रुंद ठोकळ्यातून अरुंद नळीकडे जाते, त्यामुळे नळीच्या माथ्यावर ती दीडपटीच्या आसपास दाटते. १५ वॅट प्रति चौरस मिलिमीटर धरू. अस्तरात ४० अंश, नळीच्या दीड मिलिमीटर भिंतीत ६५ अंश. पाण्याचा उष्णता-संक्रमण गुणांक एक लाख वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला तर पाणी आणि भिंत यांत १५० अंश. पाणी ७० अंशांचं. बेरीज ८२५ च्या घरात. तापल्यावर टंगस्टनचं वहन घटतं आणि कोपरे नळीपासून लांब असतात, म्हणून खरा आकडा थोडा वर जाईल. मॉडेलने ८०० ते १,००० मधलं काही दाखवलं तर पुढे जा. ३०० किंवा ३,००० दाखवलं तर थांबा.

ताणाचाही असाच अंदाज घ्या. टंगस्टनचा पातळ थर बाजूंनी पूर्ण जखडला आणि १०० अंशांनी तापवला, तर ४,००,००० मेगापास्कल (स्थितिस्थापकता) गुणिले ४.५ दशलक्षांश (प्रसरण) गुणिले १००, भागिले ०.७२ (एक वजा पॉयसन गुणोत्तर) म्हणजे २५० मेगापास्कल. आपल्या ठोकळ्यात वरपासून खालपर्यंत ५०० अंशांचा फरक आहे. तो पूर्ण जखडलेला नसतो, तरी धातू यील्ड होणार हे इथेच कळतं. म्हणजे नुसतं स्थितिस्थापक विश्लेषण पुरणार नाही.

४. तापमानाचं मॉडेल

ठोकळ्याचा अर्धा किंवा पाव भाग घ्या, सममितीचा फायदा उठवा. वरून उष्णता, नळीच्या आत पाणी, बाकी पृष्ठभाग मोकळे. पृष्ठभागावरून किरणोत्सर्जनाने जाणारी उष्णता १,००० अंशांना एका टक्क्याहूनही कमी असते. १० मेगावॅटच्या गणितात ती सोडली तरी चालते.

इथे नवख्यांना सर्वात जास्त फसवतात ती एककं. मिलिमीटर-टन-सेकंद पद्धतीत शक्तीचं एकक मिलिवॅट होतं. म्हणून १० वॅट प्रति चौरस मिलिमीटरचा उष्णताभार १०,००० असा लिहायचा. १० लिहिलं तर हजारपट कमी उष्णता जाते आणि ठोकळा जेमतेम कोमट होतो. गंमत अशी की उष्णतावहनाचा आकडा मात्र तोच राहतो: १२० ला १२०. संक्रमण गुणांक एक लाखाचा १०० होतो. टंगस्टनची घनता १.९३ गुणिले दहाचा उणे आठवा घात. हे सगळे आकडे एका कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा.

दुसरा सापळा पाण्याचा. ४ मेगापास्कल दाबाला पाणी २५० अंशांना उकळतं. १० मेगावॅटला नळीची आतली भिंत त्याच्या खाली राहते. २० मेगावॅटला मात्र ती रेषा ओलांडते, भिंतीशी बुडबुडे धरू लागतात आणि उष्णता उलट जास्त जोरात काढली जाते. म्हणजे संक्रमण गुणांक भिंतीच्या तापमानानुसार बदलतो. एकच आकडा ठेवून दोन्ही भार चालवले तर वरच्या भाराला नळी प्रत्यक्षापेक्षा गरम दिसते. गुणांक तक्त्याच्या रूपात द्या.

याच वाटेवर पुढे धोका आहे. उष्णता एका हद्दीपलीकडे गेली की बुडबुडे मिसळून वाफेचा पडदा होतो, पाणी भिंतीला लागतच नाही आणि नळी क्षणार्धात जळते. या क्रांतिक उष्णताभारापासून तुम्ही किती लांब आहात, हे मॉडेलमधून काढून चाचणीच्या कागदावर ठळक लिहा. तपासायचा आकडा नळीच्या आतल्या भिंतीवरचा दाटलेला प्रवाह आहे, ठोकळ्यावर पडणारा नव्हे.

५. ताणाचं मॉडेल

इथे सावकाश चला. सगळी खुबी क्रमात आहे.

*जोडणीपासून सुरुवात करा.* नमुना चाचणीला येतो तेव्हा तो बिनताणाचा नसतो. ब्रेझिंग (वितळलेल्या तिसऱ्या धातूने सांधणं) केलं असेल तर ९०० अंशांच्या वर आणि गरम दाबाने जोडलं असेल तर ६०० अंशांच्या आसपास ते दोन धातू एक झाले. तिथून थंड होताना तांबं जास्त आखडलं आणि टंगस्टनला ओढत राहिलं. हा उरलेला ताण मॉडेलमध्ये आणायचा असेल तर पहिली पायरी 'जोडणीच्या तापमानापासून खोलीच्या तापमानापर्यंत थंड करणे' हीच हवी. मग पाणी गरम करा, दाब द्या, उष्णता द्या, उष्णता काढा. अनेक जण संदर्भ तापमान २० अंश ठेवून थेट उष्णता देतात. त्यात जोडाजवळच्या ताणाचं चिन्हसुद्धा उलटं येऊ शकतं.

*तांब्याला मऊ राहू द्या.* अस्तराचं शुद्ध तांबं काही दहा मेगापास्कललाच यील्ड होतं. तो थर त्यासाठीच ठेवलेला असतो: स्वतः चेपून दोन धातूंमधली ओढाताण झेलायला. त्याला स्थितिस्थापक धरलं तर अशक्य ताण दिसतात. कायनेमॅटिक हार्डनिंग (एका दिशेने चेपलेला धातू उलट दिशेला लवकर यील्ड होतो असं धरणारं गणित) वापरा. केवळ आयसोट्रॉपिक (धातू सगळ्या दिशांना सारखाच कडक होतो असं धरणारं) ठेवलं तर दोन-तीन सायकलींत तांबं कडक होऊन सगळं शांत झाल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात ते प्रत्येक फेरीत पुढे-मागे वाकत असतं. निदान पाच सायकली चालवा आणि विकृतीचा पट्टा स्थिर होतोय का ते पाहा. स्थिर न होता दर फेरीला थोडा सरकत असेल तर ते रॅचेटिंग आहे आणि ती बातमी गंभीर आहे.

*जोडाच्या कडेवरच्या आकड्याला भुलू नका.* दोन धातूंचा जोड जिथे मोकळ्या पृष्ठभागाला येऊन भिडतो, तिथे मेश जितका बारीक कराल तितका ताण वाढत जातो. त्याला अंत नाही. गणिताचाच तो स्वभाव आहे. त्या बिंदूवरचा कमाल ताण अहवालात लिहिण्यात अर्थ नाही. कडेपासून ठरावीक अंतरावर मोजा, किंवा ठरावीक आकारमानावर सरासरी घ्या आणि प्रत्येक मॉडेलमध्ये तेच अंतर ठेवा. तुलना करता येते ती अशीच.

*थंड होतानाचा क्षण पाहा.* हे मला उशिरा समजलं म्हणून जोर देऊन सांगतो. तापताना वरचा पृष्ठभाग फुगायला बघतो, खालचा थंड भाग त्याला अडवतो, म्हणून वर दाब येतो. २० मेगावॅटला तापमान १,६०० च्या वर जातं, टंगस्टन मऊ होतं आणि त्या दाबाखाली कायमचं चेपतं. उष्णता बंद झाली की ते आखडतं, पण चेपून आधीच आखूड झालेलं असतं, म्हणून आता वर ओढ येते. ही ओढ आणि तो दाब शेकडो वेळा झाले की पृष्ठभागावरून नळीच्या दिशेने उभी भेग उतरते. नमुन्यांत अशा खोल भेगा प्रत्यक्ष दिसल्या आहेत. जो फक्त सर्वात गरम क्षणाचं चित्र काढतो त्याला सगळीकडे दाबच दिसतो आणि भेग का पडली हे कळत नाही. ही भेग उष्णतेच्या वाटेला समांतर असल्याने थंड होण्यात फारसा फरक पडत नाही, हेही लक्षात ठेवा. भेग दिसली म्हणजे घटक निकामी झाला, असं लगेच म्हणता येत नाही.

*टोकं जखडू नका.* नळीची दोन्ही टोकं मॉडेलमध्ये घट्ट बांधली आणि प्रत्यक्षात एक टोक सरकणारं असलं तर वाकण्याचा ताण पूर्णपणे खोटा येतो. फिक्स्चरचा फोटो समोर ठेवून बंधनं लिहा.

मेशबद्दल एवढंच: द्वितीय दर्जाचे षट्फलकी एलिमेंट, अस्तराच्या जाडीत निदान चार. त्याहून जास्त वेळ त्यावर घालवू नका.

६. नमुना तयार करणे

चाचणी केंद्रात जाण्यापूर्वी प्रत्येक ठोकळ्याला क्रमांक द्या आणि चारही बाजूंचे फोटो काढा. तीनशे सायकलींनंतर 'ही रेघ आधीपासून होती का' हा प्रश्न हमखास येतो.

थर्मोकपलसाठी (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीसाठी) भोक पाडताना जागेची अचूकता हीच सगळी किंमत. ६ मिलिमीटरमध्ये ५०० अंशांचा उतार म्हणजे दर मिलिमीटरला ८० अंशांहून जास्त. भोक अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झालं की ४० अंशांचा फरक पडतो आणि तुम्ही तो मॉडेलच्या माथी मारता. भोक पाडल्यावर त्याची खोली पुन्हा मोजा, क्ष-किरण फोटो मिळाला तर उत्तम. मोजलेली जागा मॉडेलमध्ये घाला. थर्मोकपलचं टोक भोकाच्या तळाला खरोखर टेकलंय याचीही खात्री करा. मध्ये पोकळी राहिली तर आकडा कमी येतो आणि उशिराही येतो.

इन्फ्रारेड कॅमेऱ्यासाठी टंगस्टन अवघड गिऱ्हाईक आहे. चकचकीत टंगस्टन फार कमी उत्सर्जन करतं, आणि ते प्रमाण तापमानाने, तरंगलांबीने, पृष्ठभागाच्या खरखरीतपणाने बदलतं. चाचणी चालू असतानाच पृष्ठभाग खरबरीत होत जातो, म्हणजे तोच ठोकळा त्याच तापमानाला हजाराव्या सायकलीत वेगळा आकडा दाखवतो. एक सोपी युक्ती: बीम (नमुना तापवणारी शलाका) बंद ठेवून नळीतून गरम पाणी सोडा. सगळे ठोकळे एकाच तापमानाला येतात. कॅमेऱ्यात जे कमी-जास्त दिसेल तो फरक उत्सर्जनाचा. तो नकाशा जपून ठेवा. वरच्या तापमानासाठी दोन रंगांचा पायरोमीटर (दोन तरंगलांबींच्या प्रकाशावरून तापमान काढणारं उपकरण) सोबत असू द्या.

७. उष्णतेचा हिशेब: या पायरीवर पूर्ण एक दिवस द्या

उष्णता देण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. जर्मनीत यूलिश इथल्या ज्युडिथ यंत्रांत आणि गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन बीम वापरतात. गार्शिंगच्या ग्लॅडिसमध्ये हायड्रोजनची शलाका असते, तर इंग्लंडमध्ये कलहॅमच्या हाइव्हमध्ये इंडक्शन कॉइल. कुठेही गेलात तरी यंत्राच्या पॅनेलवरची शक्ती आणि नमुन्यात शिरलेली शक्ती एक नसते. इलेक्ट्रॉन बीम टंगस्टनवर पडला की ऊर्जेचा मोठा भाग, निम्म्याच्या जवळपास, उलट फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांबरोबर निघून जातो. काही बीम कडेबाहेर सांडतो.

म्हणून खरा आकडा पाण्याकडून घ्यायचा: प्रवाह गुणिले विशिष्ट उष्णता गुणिले बाहेरच्या आणि आतल्या पाण्यातला फरक. आता हा फरक किती असतो ते बघा. २८ मिमी रुंद आणि १०० मिमी लांब पट्टीवर १० मेगावॅट म्हणजे २८ किलोवॅट. १२ मिमी नळीत पाणी सेकंदाला १० मीटर वेगाने गेलं तर दर सेकंदाला साधारण १.१ किलो. पाणी तापतं अवघं ६ अंश! पृष्ठभाग ९०० वर, आणि आपला सगळा हिशेब या सहा अंशांवर उभा.

माझ्या नमुन्याच्या वेळी बाहेरच्या नळीवरचा सेन्सर ०.७ अंश जास्त दाखवत होता. सहात ०.७ म्हणजे जवळजवळ १२ टक्के. आम्ही समजत होतो १० मेगावॅट देतोय, प्रत्यक्षात नमुन्याला ९ सुद्धा मिळत नव्हते. मॉडेल बरोबर होतं आणि मी तेच मोडत बसलो होतो. ही चूक सापडली ती एका दुपारी, बीम बंद असताना पाणी नुसतंच फिरत होतं आणि स्क्रीनवर 'शोषलेली शक्ती' ३.२ किलोवॅट दिसत होती तेव्हा.

तेव्हापासूनचा नियम: रोज सकाळी चाचणीच्याच वेगाने आणि तापमानाने पाणी दहा मिनिटं फिरवायचं, बीम बंद. दोन सेन्सरांतला फरक वहीत लिहायचा, आणि तो दिवसभराच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. संगणकात नोंद असतेच, पण कोण कधी ऑफसेट (शून्याची दुरुस्ती) बदलतो ते तिथे दिसत नाही. वहीत दिसतं.

शोषलेली शक्ती मिळाली की ती पडलेल्या क्षेत्राने भागायची. हे क्षेत्रही मोजून घ्या. बीमचा ठसा कडेला पुसट असतो, पट्टीच्या मधल्या ठोकळ्यांवर जास्त आणि टोकाच्या ठोकळ्यांवर कमी भार पडतो.

८. सायकली चालवणे

आधी इंटरलॉक (बिघाड झाला की बीम आपोआप बंद करणारी व्यवस्था) मुद्दाम तोडून पाहा: प्रवाह कमी केला की बीम बंद होतो का, दाब उतरला की, व्हॅक्यूम बिघडला की, पायरोमीटरने हद्द ओलांडली की. 'गेल्या महिन्यात तपासलंय' हे उत्तर घेऊ नका. दाबाखालचं गरम पाणी व्हॅक्यूम कक्षात फुटणं हा मोठा अपघात आहे. इलेक्ट्रॉन बीम चालू असताना क्ष-किरण निघतात, म्हणून शिशाच्या आडोशाबाहेर कोणीही उभं राहायचं नाही. बेरिलियमचे नमुने असतील तर त्याची धूळ विषारी असते, आणि ते काम फक्त त्यासाठी मंजूर असलेल्या केंद्रातच होतं.

मग स्क्रीनिंग. २ मेगावॅटपासून सुरुवात, दोन-दोनने वाढवत १० पर्यंत, प्रत्येक पायरीला तापमान स्थिर होईतो थांबा. टंगस्टनच्या ६ मिलिमीटर थरात उष्णता मुरायला सेकंदभर लागतो, म्हणून काही सेकंदांत स्थिरता येते. सायकली दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद अशा असतात त्या याचमुळे.

सायकली सुरू झाल्यावर दर काही शे फेऱ्यांनी तेच स्क्रीनिंग पुन्हा करा. एकाच भाराला एखादा ठोकळा आधीपेक्षा गरम होऊ लागला तर जोड सुटतोय.

माझ्या डोळ्यांसमोर झालेलं सांगतो. सात ठोकळ्यांची पट्टी होती. चालू असताना सगळे सारखेच पांढरे दिसत होते, कॅमेऱ्याचं चित्र भरून गेलेलं. बीम बंद व्हायचा आणि सहा ठोकळे पटकन काळे पडायचे, पाचवा मात्र जेमतेम अर्धा सेकंद लाल रेंगाळायचा. पुढच्या फेरीत थोडा जास्त. त्याच्या अस्तरात सुरुवात झाली होती. तापतानाच्या चित्रात उत्सर्जनाचा गोंधळ असतो, पण थंड व्हायला लागणारा वेळ उत्सर्जनावर फारसा अवलंबून नसतो. म्हणून विझतानाचे पहिले दोन सेकंद रेकॉर्ड झालेच पाहिजेत. अनेक केंद्रांत रेकॉर्डिंग बीमबरोबरच थांबतं. ती सेटिंग पहिल्या दिवशी बदलून घ्या.

९. मोजलेलं आणि मॉडेलमधलं समोरासमोर

तुलना या क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका. आधी पाण्याने नेलेली शक्ती आणि मॉडेलमधली शक्ती जुळते का. मग थर्मोकपलचं तापमान. मग विझतानाच्या वक्राचा आकार. पृष्ठभागाचं तापमान सर्वात शेवटी, कारण त्यात उत्सर्जनाची अनिश्चितता असते. ताणाशी थेट तुलना करायला सहसा काही मोजलेलंच नसतं, ती पुढच्या पायरीत होते.

थर्मोकपल जुळत नसेल तर भोकाची जागा, मग पाण्याचा गुणांक, मग धातूचे गुणधर्म, या क्रमाने शोधा. गुणधर्म मनाने बदलून आकडे बसवू नका. एका भाराला बसवलेला आकडा दुसऱ्या भाराला उघडा पडतो, म्हणून किमान तीन भारांवर एकच मॉडेल चालवून दाखवा.

१०. शेवटी नमुना कापा

जपून ठेवलेला अखंड नमुना शोभेचा असतो, कापलेला बोलतो. आधी पुन्हा अल्ट्रासोनिक, मग नळीला आडवा छेद, रेझिनमध्ये बसवून पॉलिश, मग एचिंग (रसायनाने पृष्ठभाग किंचित कोरून कण उघडे करणं). सूक्ष्मदर्शकाखाली खालच्या बाजूला लाटलेल्या टंगस्टनचे लांबट, चपटे कण दिसतात आणि वरच्या बाजूला मोठे, गोलसर. दोघांमधली सीमा बऱ्याचदा डोळ्यांना रेषेसारखी दिसते. कण जिथे बदलले तिथवर पुरेसा वेळ पुनर्घटनाचं तापमान पोहोचलं होतं. त्या रेषेची खोली मोजा आणि मॉडेलमधली त्याच तापमानाची समतापी रेषा तिच्यावर ठेवा. कोणत्याही कॅमेऱ्याशिवाय मिळालेलं हे तापमान आहे.

भेग असेल तर ती पृष्ठभागावर कुठे सुरू झाली, किती खोल गेली आणि मोठ्या कणांच्या थरात थांबली की पुढे उतरली, हे मोजून लिहा. अस्तरात पोकळ्या दिसतात का तेही बघा, विशेषतः नळीच्या माथ्यापासून दोन्ही बाजूंना. छेदाचा दुसरा अर्धा भाग पॉलिश न करता ठोकळ्याच्या क्रमांकासह वेगळा ठेवा. वेगळं एचिंग करावं लागलं किंवा कोणी शंका काढली, तर तोच लागतो.